नावाचं कडवं

माझं अक्षर वाईट आहे, त्याची माफी आधीच मागते. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला कधी कळलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, आणि कापूस फुटला की त्यातलेही दिवस वेचणीत जायचे. माझी ओळ सरळ चालत नाही, पानाच्या कडेला गेली की वर चढते. बुलढाण्याहून एक बाई आल्या होत्या, त्यांचा दरवर्षी अंक निघतो. "तुमच्या कामाबद्दल लिहा," असं म्हणून कोरे कागद ठेवून गेल्या. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. घरात कोणी नसलं की थोडं थोडं लिहिते आणि कागद उशीच्या अभ्र्यात ठेवते. त्यांना द्यायचे की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

माझी कामं दोन. एक मजुरी. निंदण, वेचणी, सोंगणी. ते आमच्या धाडजवळच्या शिवारात सगळ्याच बाया करतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दुसरं काम गाणी जोडण्याचं. आम्ही त्याला लिहिणं म्हणत नाही, जोडणं म्हणतो, कारण चाल आधीच असते. गिऱ्हाईक चाल घेऊनच येतं. एखाद्या सिनेमाची असते, नाहीतर मागच्या वर्षी जयंतीला वाजलेली. त्या चालीवर शब्द बसवायचे. आधी ध्रुपद, मग दोन-तीन कडवी, आणि शेवटी नावाचं कडवं. हे जोडायला मला कागद लागत नाही. हात निंदणात असतो आणि तोंड बंद असतं. शब्द बसला नाही की खुरपं अडखळतं. संध्याकाळपर्यंत गाणं झालेलं असतं. कागदावर उतरवणं हीच खरी मेहनत, त्याला दोन दिवस लागतात.

नावाचं कडवं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगायला पाहिजे. आमच्याकडच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात कोणाचं तरी नाव येतं. अमका म्हणे, तमका सांगे. पूर्वी ते जोडणाऱ्याचं असायचं. आता गाणाऱ्याचं असतं. गायन पार्टीचा माणूस पैसे देतो, गाणं घेतो आणि त्यात स्वतःचं नाव घालतो. मी त्या जागी नुसती रेघ मारून द्यायची. तीन-चार अक्षरी नाव चांगलं बसतं. दोन अक्षरी असलं तर राव किंवा भाऊ लावून ताणावं लागतं. ही फसवणूक नाही, धंद्याची रीतच आहे. शिंप्यानं शिवलेल्या सदऱ्यावर शिंप्याचं नाव नसतं.

मला चारचौघांत बोलता येत नाही. लहानपणापासून तसंच. लग्न होऊन या गावात आले तेव्हा महिनाभर माझा आवाज कोणी ऐकला नव्हता. माझी थोरली जाऊ गोदाबाई, मी तिला बाई म्हणते, ती मात्र उलटी. तिचा आवाज एका शेतातून तिसऱ्या शेतात जातो. आम्ही दोघी शेजारी शेजारी पात धरायचो. पात म्हणजे निंदताना एकेकीच्या वाट्याला आलेला पट्टा. मी हळूच एक ओळ म्हणायची, ती मोठ्यानं उचलायची, मागून बाकीच्या बाया. कितीतरी दिवस सगळ्यांना वाटायचं, गाणी गोदाबाईच करते. एकदा ती उठून उभीच राहिली.

"मी काही जोडत नाही बरं. हे सारं या मुकीचं हाय."

सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. मी मान खाली घालून तण सोडून तुरीचं रोपच उपटलं. मालकिणीनं ते पाहिलं आणि बाई दिवसभर मला हसत राहिली.

तिथून लोक घरी यायला लागले. बारशाचे पाळणे, हळदीची गाणी, नोकरी संपलेल्या माणसाचं निरोपाचं गाणं, कोणी गेलं तर पुण्यानुमोदनाचं गाणं. पाळण्यात सगळ्यात जास्त भांडणं. आई-बापाचं नाव, आजी-आजोबाचं नाव, आणि आत्याचं नाव आलंच पाहिजे, कारण बाळाच्या कानात नाव सांगते ती. एका घरी मला आत्या एकच आहे म्हणून सांगितलं होतं. बारशाच्या दिवशी दुसरी उगवली. बोलणं नव्हतं, तरी आली. पाळणा सुरू झाला तशी ती कान देऊन बसली, आणि शेवटचं कडवं संपलं तेव्हा आपलं झबलं परत पिशवीत टाकून निघाली. बाळाची आजी माझ्याकडे पळत आली, "बाई, कसंबी कर, हिचं नाव बसव." मी माजघरात पिठाच्या डब्यावर बसून एक कडवं वाढवलं. ते पुन्हा म्हटलं, तेव्हा झबलं पिशवीतून बाहेर आलं.

एका म्हाताऱ्यानं स्वतःच्या पुण्यानुमोदनाचं गाणं जिवंतपणीच करून घेतलं. म्हणाला, "मेल्यावर मले काय ऐकू येते? आत्ताच ऐकतो." मी जोडून दिलं. बाईनं त्याच्या ओसरीवर म्हणून दाखवलं. तो डोळे मिटून ऐकत होता. मध्येच त्यानं हात वर केला.

"यात दारू पीत नव्हतो असं टाका."

बाई म्हणाली, "मामा, साऱ्या गावानं तुमाले नालीतून उचलून आणलं हाय."

"मंग सोडली होती असं टाका."

"कवा सोडली?"

"सोडतो ना आता. गाण्यात आलं तर सोडाच लागते."

मी तसं टाकलं. त्यानं ज्वारीची एक पायली दिली. पुढे तो बरीच वर्षं जगला, आणि घरात नातू झाला की येऊन उभा राहायचा, "वच्छला, त्याचं नाव वाढव." गाणं इतकं लांबलं की तो खरोखर गेला तेव्हा अर्ध्यावरच थांबवावं लागलं. दारू त्यानं सोडली होती की नाही ते मला माहीत नाही. गाण्यात आहे.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तर दोन्ही पार्ट्यांनी माझ्याकडूनच गाणी घेतली. दोघांना चालही एकच पाहिजे होती. मी कोणालाच नाही म्हणू शकले नाही, तो माझा स्वभाव. दोन्ही जीपा चौकात समोरासमोर आल्या आणि दोन्ही भोंग्यांतून एकच चाल वाजायला लागली. पारावरची माणसं हसून हसून खोकायला लागली. त्या आठवड्यात मी पाण्याला बाहेर निघाले नाही, बाईनंच हंडे आणले.

शेषरावदादाची ओळख अशीच जयंतीत झाली. मूळचा देऊळगाव राजाकडचा माणूस, गायन पार्टी चालवतो. मिशी मोठी, आवाज जरा फाटका, पण त्या फाटक्या आवाजातच त्याचं सगळं आहे. ऐकणारा ताठ बसतो. तो सुरुवातीला एका गाण्याला एक लुगडं द्यायचा, मग शंभर, मग दोनशे. माझी किती गाणी त्यानं म्हटली, मला आठवत नाही. मंडपात मी मागे बायकांत बसायची. "शेषराव म्हणे" आलं की त्याला टाळ्या पडायच्या आणि मला वाटायचं, चला, बसलं नीट. वाईट वाटायचं नाही. खोटं कशाला लिहू.

एक गाणं मात्र मी कोणासाठी जोडलं नव्हतं. ते आमच्या दोघींचंच होतं. निंदताना एखादी बाई कामाला आली नाही, तर तिची पात मध्ये राहते. मग दोन्हीकडच्या बाया थोडी थोडी उचलतात. मुकादम ती कोणाच्या नावावर मांडत नाही. त्यावरून ते सुचलं होतं.

एक पात तुही बाई, एक पात माही,
मधातल्या पातीले गं धनी कोणी नाही.

हे आम्ही शेतातच म्हणायचो, आणि पाच-सहा बायांशिवाय कोणाला माहीत नव्हतं. चालही कोणाची नव्हती, खुरप्याचीच होती.

मग बाईच्या पोटात गाठ निघाली. जालन्याच्या दवाखान्यात ऑपरेशन करायचं ठरलं. माझा दीर आधीच वारलेला, तिचा मुलगा सुरतेला, त्यानं जेवढे जमले तेवढे पाठवले. शेळ्या विकल्या. तरी आठ हजार कमी पडत होते. मी शेषरावदादाकडे गेले. तो म्हणाला, "वहिनी, नवं काही असन तर द्या. यंदा शहरातल्या पार्ट्या आल्यात, जुन्यावर माणूस बसत नाही."

माझ्याकडे नवं काही नव्हतं. डोकं चालतच नव्हतं. मी ते गाणं म्हणून दाखवलं, अगदी हळू, भिंतीकडे तोंड करून. तो ऐकून उठला. मग आत गेला आणि आठ हजार आणून माझ्या हातावर ठेवले. इतके पैसे गाण्याला कोणी देत नाही. त्यानं दिले, हे मी विसरत नाही. शेवटचं कडवं मी तिथंच बसून केलं आणि नावाच्या जागी रेघ न मारता त्याचंच नाव घातलं.

शेषराव म्हणे बाई, दोघींची कमाई,
एकीच्या घामाची मोजणी दुसरीपाशी राही.

ऑपरेशन झालं आणि बाई घरी आली. पैसे कुठून आले, ते मी तिला लगेच सांगितलं. तेव्हा तिनं नुसतं हूं केलं. पोटाला टाके होते.

ते गाणं फार चाललं. गावोगाव गेलं, मोबाईलमध्ये आलं. बाईची नातसून चुलीपुढे बसून लावायची. बाई आता शेतात जात नव्हती, बाजेवर बसून असायची. एक दिवस ती म्हणाली, "पोरी, ते परत लाव." नातसुनेनं लावलं. शेवटचं कडवं आलं, आणि बाईनं मला हाक मारली.

"वच्छे, इकडं ये. या गाण्यात मी हाय. तू काऊन नाहीस?"

"विकलं ना बाई."

"विकलं मले मालूम हाय. माह्या पोटासाठी विकलं. मी म्हणून राह्यली का तू काऊन नाहीस. दोघी निंदून राह्यल्या अन् सांगून राह्यला तो मिशीवाला. तो कोणत्या पातीवर होता?"

मी हसले. ती हसली नाही.

"माह्यं अंग आता भरवशाचं नाही. मी हाय तोवर ते नाव बदलून आण."

मला खरं तर नाव नको होतं. थकले होते. गुडघे धरलेत, डोळ्यांना दोरा ओवता येत नाही, आणि आता गाणं जोडायलाही कोणी येत नाही. नाव सांगितलं की मोबाईल लिहून देतो म्हणतात. या वयात नावाचं करायचं काय. पण बाईनं मला आयुष्यभर काही मागितलं नव्हतं, उलट माझ्या वाट्याचं बोलणंसुद्धा तीच बोलली. म्हणून गेले.

शेषरावदादाचं धाडच्या बाजारात मंडप-लाऊडस्पीकरचं दुकान आहे. त्या आठवडी बाजाराला गेले, दुकानासमोर उभी राहिले, तो "या वहिनी" म्हणाला, आणि माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. "सहज आले," म्हणाले. मिरच्या घेऊन घरी आले. बाईनं पिशवी पाहिली.

"गेली कायसाठी होती अन् आणलं काय?"

पुढच्या बाजाराला ती स्वतः निघाली. जीपमध्ये तिला पुढं बसवलं. दुकानात खुर्चीवर बसली, पाणी प्यायली आणि सरळ विषयाला आली.

"दादा, ते पातीचं गाणं. त्यात हिचं नाव पाह्यजे."

शेषरावदादा माझ्याकडे पाहायला लागला. "वहिनी, म्या काय गाणं चोरलं का? अडचणीच्या वेळी आठ हजार देल्ले. त्या साली माह्या पोराची फी राह्यली होती."

"चोरलं कोण म्हणते?" बाई म्हणाली. "तुमी देले म्हणून मी जित्ती हाय. आता उलटा सौदा सांगा."

त्यानं गल्ला बंद केला. मग म्हणाला, "उलटा सौदा म्हणजे पैसे उलटे. जेवढे देले तेवढे. व्याज नाही मागत. पण पुरे आले का मंगच नाव बदलन. अर्ध्या पैशात अर्धं नाव म्हणता येत नाही."

बरोबर बोलला होता. धंद्याची रीत तीच होती, मी पण तेच म्हणाले असते.

दोन वर्षं लागली. बाईला निराधारचे पैसे मिळतात, त्यातले ती काढून ठेवायची. मी म्हणायची, गोळ्या आणा आधी. ती म्हणायची, गोळ्यानं काय होते. मी वेचणीला गेले, गुडघे बांधून गेले. मिरचीचे देठ खुडायचं काम घरी आणलं. बाई बाजेवर बसून खुडायची, डोळे लाल व्हायचे. बाजाराच्या दिवशी जमेल तेवढे मी दुकानात नेऊन द्यायची, आणि शेषरावदादा आपल्या मुलासमोर मोठ्यानं सांगायचा, एवढे आले, एवढे राहिले. मध्ये एक पावसाळा बाई खूप आजारी पडली. ताप उतरत नव्हता. त्या आठवड्यात मी पैसे द्यायला गेले नाही, म्हटलं औषधाला लागतील. ती तापातच म्हणाली, "ते तिकडचे हायेत. तिकडंच जातीन." नातसुनेनं आपलं जोडवं मोडून औषध आणलं.

त्या आजारातून बाई उठली, पण अर्धी झाली होती. जयंती जवळ आली होती. शेवटचे पैसे जमले तेव्हा ती म्हणाली, मीच नेऊन देते. मी नको म्हटलं. जीपचे हादरे तिला सोसत नव्हते. ऐकलं नाही.

दुकानात गर्दी होती. मंडपवाले, जयंतीवाले, भोंगे उतरवणारे. शेषरावदादानं खुर्ची दिली. बाईनं पैसे कनवटीतून काढले, मुठीत धरले आणि मूठ मांडीवर ठेवली.

"आधी म्हणून दाखवा."

"इथं? पेटी नाही, काही नाही."

"शेतात कुठं पेटी होती?"

लोक थांबले. मी खांबामागे सरकले. शेषरावदादानं घसा साफ केला आणि सुरुवात केली. एक पात तुही बाई. त्या फाटक्या आवाजात ते नेहमी लागतं तसंच लागलं. दोन कडवी झाली, शेवटचं आलं, आणि तो म्हणून गेला, "शेषराव म्हणे बाई."

जयंतीवाली पोरं हसली.

"पुन्हा," बाई म्हणाली.

"तोंडाले बसलं हाय हो. इतकी वर्सं झाली."

"बसलं असन. उठवा."

त्यानं पुन्हा म्हटलं. या वेळी सावध होता, तरी "शेष" एवढं निघूनच गेलं. तो थांबला, गळ्यातल्या रुमालानं तोंड पुसलं. आता कोणी हसलं नाही. मला त्याची कीव आली. मी खांबामागून म्हणाले, "राहू द्या बाई." मोठ्यानं म्हणाले असणार, कारण सगळ्यांनी वळून पाहिलं.

बाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू गप्प बस. आयुष्यभर बसली, आता बोलते होय."

शेषरावदादा उठून उभा राहिला. मंडपात राहतो तसा. डोळे मिटले आणि शेवटचंच कडवं घेतलं, सावकाश.

वच्छला म्हणे बाई, दोघींची कमाई,
एकीच्या घामाची मोजणी दुसरीपाशी राही.

माझं नाव मी कधी गाण्यात ऐकलं नव्हतं. नीट बसलं होतं, ताणावं लागलं नाही. मला रडू वगैरे आलं नाही. पाय दुखत होते आणि बसावंसं वाटत होतं.

"जयंतीले असंच म्हणा," बाई म्हणाली आणि मूठ उघडली. नोटा घामानं एकमेकींना चिकटल्या होत्या. शेषरावदादानं त्या मोजल्या नाहीत, तशाच खिशात घातल्या आणि मुलाला मोठ्यानं सांगितलं, "वहिनीचे आठ हजार आले. पुरे आले."